टेंडर निघायच्या आधी: छोट्या शहरातला बाजाररस्ता नेमका कुठे ठरतो?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय नगरपरिषदेचं टेंडर. हे ऐकून काही जणांचा अंगठा पुढच्या भागाकडे गेला असेल. थोडं थांबा. तुमच्या गावातला मेन रोड, बाजारपेठ, भाजी मंडई, एसटी स्टँडसमोरचा चौक, यांचं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत काय होणार हे बहुतेक वेळा तीस-चाळीस पानांच्या एका पीडीएफमध्ये आणि एका एक्सेल शीटमध्ये लिहिलेलं असतं. आणि ती शीट कुणीही उघडून बघू शकतो.

आत्ताच हा विषय का? महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांमध्ये २०२१-२२ पासून प्रशासक होते. म्हणजे ठराव करणारा आणि अंमलबजावणी करणारा अधिकारी जवळपास एकच. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता नगराध्यक्ष आहेत, नगरसेवक आहेत. प्रत्येकाच्या जाहीरनाम्यात 'बाजारपेठेचं सुशोभीकरण' होतंच. त्यामुळे येत्या दोन-तीन वर्षांत राज्यभर बाजाररस्ते खोदले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ते एकदाच आणि नीट खोदले जावेत, एवढीच आपली माफक अपेक्षा.

मी सिव्हिल इंजिनिअर नाही. बीटेक कॉम्प्युटरमध्ये, काम सॉफ्टवेअरचं. पण काही काळापासून रविवारी सकाळी महाटेंडर्सच्या पोर्टलवर आपल्याकडच्या छोट्या शहरांची टेंडरं वाचायची सवय लागलीये. लोक क्रिकेटचे स्कोअर बघतात, मी बीओक्यू बघतो. त्यातून जे समजलं, ते आज सांगतो.

पैसा कुठून येतो

पहिली गोष्ट. छोट्या नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजार फी. यातून पगार, दिवाबत्ती, कचरा आणि पाणी कसंबसं भागतं. मोठं काम करायचं तर पैसा वरून येतो. नगरोत्थान आहे, वित्त आयोगाचं अनुदान आहे, राज्याच्या 'वैशिष्ट्यपूर्ण कामां'चा निधी आहे, आमदार निधी आहे. प्रत्येक निधीला एक शीर्ष असतं, अटी असतात, आणि खर्च करायची मुदत असते.

याचा परिणाम काय होतो? शहराला काय हवंय ते आधी ठरवून मग पैसे शोधायचे, असं क्वचितच होतं. 'अमुक शीर्षाखाली पैसे येतायत, मार्चच्या आत प्रस्ताव द्या' असा निरोप येतो आणि मग त्यात बसेल असं काम शोधलं जातं. रस्त्याचं शीर्ष आलं की रस्ता होतो. त्याखालच्या पाइपलाइनचं शीर्ष पुढच्या वर्षी येतं. मग काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. आमच्याच गावात (नाव घेत नाही) बाजाररस्त्यावर काँक्रीट झालं आणि वर्षाच्या आत नळाच्या लाइनसाठी मधोमध चर मारला. लोक म्हणाले, 'यांना अक्कल नाही'. मला वाटतं, अक्कल होती. दोन वेगळ्या फायली होत्या, दोन वेगळे निधी होते आणि त्या दोघांना एकत्र बघणारं कुणी नव्हतं.

एका कामाचा प्रवास

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गावात ४०० मीटर लांबीचा बाजाररस्ता करायचाय.

आधी नगर अभियंता अंदाजपत्रक करतो, म्हणजे एस्टिमेट. कुठली वस्तू किती लागेल आणि तिचा दर काय, हे त्यात असतं. दर मनाचे नसतात, राज्याच्या दरसूचीतून घेतले जातात. मग सभेत ठराव होतो. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे 'हे काम करा, एवढे पैसे आहेत'. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे 'डिझाइन आणि दर बरोबर आहेत'. ती कामाच्या रकमेनुसार वेगवेगळ्या पातळीवर मिळते. त्यानंतर निविदा. एका लिफाफ्यात ठेकेदाराची कागदपत्रं, दुसऱ्यात दर. तांत्रिक लिफाफ्यात जो पास होतो त्याचाच दर उघडतात आणि सगळ्यात कमी दरवाला, म्हणजे एल-वन, जिंकतो. मग कार्यारंभ आदेश, मग नारळ, मग काम, मोजमाप, बिल. शेवटी दोष दायित्व कालावधी, ज्याला सगळे डीएलपी म्हणतात.

या साखळीत आपण, म्हणजे नागरिक, कुठे प्रवेश करतो? नारळ फोडताना. टाळ्या वाजवायला. किंवा त्यानंतर धूळ उडायला लागली की शिव्या द्यायला. तोपर्यंत ठरवण्यासारखं जवळपास सगळं ठरून गेलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की चूक रिक्वायरमेंटमध्ये पकडली तर एक ओळ बदलते, रिलीज झाल्यावर पकडली तर अख्खी रात्र जाते. इथे रात्र नाही, पूर्ण पावसाळा जातो.

एक्सेल शीट वाचायची कशी

बीओक्यू म्हणजे कामाच्या बाबींची यादी. खोदाई इतके घनमीटर, मुरूम इतका, काँक्रीट इतकं, पेव्हर ब्लॉक इतके चौरस मीटर. घाबरू नका, शाळेतलं गणित पुरतं.

आपला ४०० मीटर रस्ता ९ मीटर रुंद आहे. काँक्रीटची जाडी २० सेंटिमीटर. ४०० गुणिले ९ गुणिले ०.२०, म्हणजे ७२० घनमीटर. हाच रस्ता प्रत्यक्षात १५ सेंटिमीटर झाला तर ५४० घनमीटर. फरक १८० घनमीटरचा. रस्त्यावर फिरणारा गोल डबा, ट्रान्झिट मिक्सर, एका खेपेला साधारण सहा घनमीटर आणतो. म्हणजे तीस गाड्या काँक्रीट आलंच नाही. वरून रस्ता दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत दिसतो. फरक तीन वर्षांनी दिसतो.

पण मला जाडीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते शीटमध्ये काय *नाही* ते. शोधा: रस्त्याखालून केबल न्यायला डक्ट आहेत का? जुनी नळाची लाइन बदलायची बाब आहे का? पावसाच्या पाण्याचं गटार आहे, पण ते पुढे कुठे सोडायचं ते आहे का? फूटपाथ आहे का, की नुसतं 'साइड पट्टी'? झाडांभोवती मोकळी जागा आहे का? काम चालू असताना बॅरिकेड आणि दुकानात जायला तात्पुरता रस्ता, याची बाब आहे का?

शीटमध्ये जे नाही ते ठेकेदार फुकट करणार नाही. त्यानं का करावं? मग काम अर्ध्यात आल्यावर 'अतिरिक्त बाबी' निघतात, त्याला पुन्हा मंजुरी लागते, तोपर्यंत खड्डा तसाच. सुशोभीकरणाच्या टेंडरमध्ये शोभेचे दिवे, कमान, कारंजं या बाबी मात्र ठळक असतात, कारण त्यांचा फोटो येतो. गटाराचा फोटो कोण टाकणार?

पणजीकडून काय शिकायचं

प्रत्यक्ष घडलेलं एक उदाहरण बघू. पणजी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४० हजार. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम नगरपरिषदेएवढी. २०१६ मध्ये पणजी स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. राबवायला 'इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट' ही वेगळी कंपनी. महानगरपालिका वेगळी, कंपनी वेगळी.

तिथे जी कामं काढली त्यातली बरीचशी गरजेची होती. सांडपाण्याच्या जुन्या लाइन, पावसाचं पाणी, जमिनीखालच्या केबल, रस्ते. म्हणजे आत्ता आपण म्हणालो तसं, 'आधी खालचं, मग वरचं'. तत्त्व बरोबर होतं. मग बिनसलं कुठे? सगळं शहर एकाच वेळी उकरलं गेलं. २०२३ आणि २०२४ मध्ये तिथे गेलेल्यांना आठवत असेल, १८ जून रस्ता, सांतिनेज, जिकडे बघावं तिकडे चर, बॅरिकेड आणि धूळ. दुकानदारांचा धंदा बसला. २०२४ च्या सुरुवातीला कामासाठी खोदलेल्या खड्ड्यात पडून एका तरुणाचा जीव गेला. धुळीविरुद्ध नागरिक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यावर उतरून कामांची पाहणी केली. विचार करा. रस्त्यावर पाणी मारलं का, बॅरिकेड लावलं का, हे बघायला हायकोर्टाला यावं लागलं.

कुठला रस्ता आधी, कुठला नंतर, एका वेळी किती लांबी उघडायची, ती बुजवल्याशिवाय पुढची उघडायची नाही, धूळ उडाली तर रोजचा दंड किती: या सगळ्या गोष्टी करारात लिहिता येतात. त्याला फारसा जास्तीचा पैसा लागत नाही. पण त्या टेंडर निघायच्या आधी लिहाव्या लागतात. नंतर कोर्टात लिहून घ्याव्या लागल्या, तर तोपर्यंत कुणीतरी किंमत मोजलेली असते.

आणि दुसरा मुद्दा कंपनीचा. लोकांनी निवडून दिलेली महानगरपालिका एका बाजूला आणि पैसा खर्च करणारी कंपनी दुसऱ्या बाजूला, असं झालं की नागरिकाला दार कुणाचं ठोठवायचं तेच कळत नाही. तुमच्या गावात काम नगरपरिषद करतेय, सार्वजनिक बांधकाम विभाग करतोय की जीवन प्राधिकरण, हे पहिल्या दिवशी माहीत करून घ्या.

'पंचवीस टक्के बिलो'

आता निविदेकडे. गावात चर्चा असते, 'अमक्यानं पंचवीस टक्के बिलो भरलंय'. म्हणजे अंदाजपत्रक शंभर रुपयांचं, त्यानं पंच्याहत्तरात करतो म्हणून सांगितलं. ऐकायला छान, नगरपरिषदेचे पैसे वाचले! पण दरसूचीतल्या दरात सिमेंट, मजुरी, मशीन आणि ठेकेदाराचा नफा हे सगळं धरलेलं असतं. पंचवीस टक्के खाली गेल्यावर एकतर अंदाजपत्रक फुगवलेलं होतं, किंवा काम कमी होणार आहे. तिसरी शक्यता म्हणजे त्याची स्वतःची खाण आणि मशिनरी आहे आणि त्याला खरंच परवडतंय. हेही असतं, नाकारू नका. म्हणूनच फार बिलो भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेण्याची पद्धत आहे. ती घेतली का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, तुकडे. ठराविक रकमेच्या वर ई-निविदा लागते. म्हणून एकच रस्ता 'अमुक दुकान ते तमुक दुकान', 'तमुक दुकान ते मारुती मंदिर' असा चार कामांत तोडलेला दिसला, तर थांबून विचार करा. दोन, अटी. साध्या गल्लीच्या रस्त्यासाठी अमुक अंतराच्या आत स्वतःचा प्लँट हवा, अशी अट दिसली की किती जण भरू शकतील याचा हिशोब करा. अट चुकीचीच असेल असं नाही, ताजं काँक्रीट लांबून आणता येत नाही. पण तालुक्यात असा प्लँट एकाचाच असेल, तर ती निविदा नावालाच खुली आहे.

इथे ठेकेदारांची बाजूही सांगायला हवी. त्यांची बिलं महिनोन्‌महिने अडकतात. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरच्या कंत्राटदारांनी आंदोलनं केली, ते तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. ज्या कार्यालयात बिल वर्षभर निघत नाही तिथे चांगला ठेकेदार टेंडर भरतच नाही. जो भरतो तो उशिराचं व्याज कुठून तरी काढणारच, बहुतेक वेळा काँक्रीटमधून. आणि नगर अभियंता? अनेक नगरपरिषदांत एक-दोन अभियंते पाणी, रस्ते, बांधकाम परवानगी, आचारसंहिता सगळं बघतात. तेव्हा 'सगळे चोर आहेत' म्हणून मोकळं होऊ नका. तसं म्हटलं की शीट उघडायचं कारणच उरत नाही.

हातगाडीवाले कुणाच्या नकाशात आहेत?

बाजाररस्त्याचे नकाशे बघितले की एक गोष्ट जाणवते. त्यात बाक असतात, झाडं असतात, कॉम्प्युटरवर काढलेली हसरी माणसं असतात. भाजीवाल्या मावशी नसतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, आणि विक्रेत्यांचं सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना उठवायचं नाही. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रस्ता आधी होतो, मग उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अतिक्रमणविरोधी पथक येतं आणि पंधरा दिवसांनी हातगाड्या नव्या फूटपाथवर परत येतात. कारण गिऱ्हाईक तिथंच असतं.

ही भांडणं नकाशावर मिटवणं स्वस्त पडतं. त्याहून स्वस्त म्हणजे आधी करून बघणं. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस गाड्या बंद ठेवून 'पादचारी दिन' केला होता. पुणं मोठं शहर आहे, मान्य. पण ही कल्पना छोट्या गावाला जास्त सोपी. बाजाराच्या दिवशी चार दोऱ्या, वीस कुंड्या आणि खडूच्या रेषा. दुकानदार कुठे चिडतात, टेम्पो कुठे अडकतो, अँब्युलन्स जाते का, सगळं एका दिवसात कळतं. मग ते अंदाजपत्रकात घाला.

आपण काय करायचं

आता कामाचं बोलतो. चार गोष्टी.

पहिली, बजेट. नगरपरिषदेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच्या काही महिने आधी चालते. बाजाररस्त्याबद्दल नगरसेवकाला भेटायचं तर तेव्हा. व्यापारी संघटना, रिक्षा स्टँड आणि भाजी विक्रेते यांनी मिळून एकच पानाचं पत्र द्या. वेगवेगळी तीन पत्रं गेली की ती एकमेकांना कापतात.

दुसरी, पोर्टल. महाटेंडर्सवर जाऊन आपली नगरपरिषद शोधायची. लॉगिन लागत नाही, कॅप्चा तेवढा भरावा लागतो. निविदा चालू असतानाच कागदपत्रं उतरवून घ्या. बीओक्यूमध्ये काही राहिलंय असं वाटलं तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा, पोच घ्या. तारीख असलेला कागद पुढे फार उपयोगी पडतो.

तिसरी, माहिती अधिकार. फक्त कागद मागण्यापुरता तो नाही. २००५ च्या कायद्यात माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येतच कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही आहे. म्हणजे रस्त्याचा नमुनासुद्धा मागता येतो! अर्ज दहा रुपयांत, उत्तर तीस दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून नेमकं मागा: 'या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल'. मोजमाप पुस्तिका, एमबी, ही खरी वही. बिल तिच्यावरून निघतं. बीओक्यूमध्ये ७२० होते, एमबीत किती आहेत, आणि रस्त्यावर टेप लावली तर किती भरतात, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. बास.

चौथी, डीएलपी. काम संपल्यावर काही वर्षं रस्ता खराब झाला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो आणि त्यासाठी त्याची अनामत नगरपरिषदेकडे असते. किती वर्षं, ते करारात असतं. तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. मुदत संपायच्या सहा महिने आधी रस्त्यावरून चालत जा, फोटो काढा, लेखी तक्रार द्या. नाहीतर अनामत परत जाते आणि त्याच खड्ड्यासाठी नवीन टेंडर निघतं, आपल्याच पैशातून.

हे एकट्यानं करू नका. चार जण धरा. एक हिशोबाला, एक फोटोला, एक पत्र लिहायला आणि एक नगरपरिषदेत सगळ्यांना ओळखणारा. असा माणूस प्रत्येक गावात असतोच. आणि जाताना भांडायला जातोय असं वाटू देऊ नका. अभियंत्याला विचारा, 'साहेब, या शीटमध्ये डक्ट दिसत नाहीत, राहिलेत का?' कधी कधी त्यालाही ते हवेच असतात, वरून कापलेले असतात. तुमचं पत्र त्याच्या फायलीला लागलं की पुढच्या बैठकीत त्याला बोलायला आधार मिळतो.

तर आजचा गृहपाठ: तुमच्या नगरपरिषदेचं एक चालू टेंडर उघडा आणि त्यातल्या पाच बाबी वाचा. समजलं नाही ते मला पाठवा, गावाचं नाव सांगितलं नाही तरी चालेल. पुढच्या भागात तुमच्यापैकी कुणीतरी पाठवलेलीच एक बीओक्यू घेऊ आणि ओळीनं वाचू. तोपर्यंत, रस्त्यानं जपून जा. भेटू.